८.६ वजा ३.७

लॅबची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत.
सुई टोचताना महादेवी म्हणाली, "कै बिगी माड्री,"
आणि आप्पांनी मूठ आवळली ती
चाळीस वर्षं पटाशी धरलेली,
अंगठ्याचं नख अजून चपटं.

दुसऱ्या गेटपाशी फाटक पडलेलं.
स्कूटरवर मागं बसून त्यांनी कागद उघडला.
चष्मा नव्हता, तरी वाचल्यासारखं केलं.
"काय म्हणतंय गे ते?"

एकूण प्रथिनं आठ पूर्णांक सहा.
अल्ब्युमिन तीन पूर्णांक सात.
ग्लोब्युलिन चार पूर्णांक नऊ, ठळक,
शेजारी वर तोंड केलेला बाण.
हवं किती, तर दोन पूर्णांक तीन ते साडेतीन.

"म्हणजे टॉलरन्सच्या भाईर,"
आप्पा म्हणाले,
उद्यमबागेतल्या दुसऱ्या कुणाच्या जॉबबद्दल बोलावं तसं.
मालगाडी संपेचना.

डॉक्टर सौंदत्ती मराठीत सुरुवात करतात,
अवघड जागा आली की कन्नडमध्ये जातात,
धीर द्यायला परत मराठीत येतात.
ग्लोब्युलिन, त्या म्हणाल्या, आम्ही मोजलेलंच नाही.
एकूण मोजलं. अल्ब्युमिन मोजलं.
त्यातून हे वजा. उरलं ते ग्लोब्युलिन.

आप्पा हसले.
"आमच्यासारखंच की ओ बाई.
छप्पन साली रेघ मारली तवा
आमच्या आज्याला तरी कुणी मोजलं?
एकूणातनं काढलं, उरलं ते हिकडं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं, काढलं.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

मग उरलेल्यांत कोण कोण असतं ते सांगितलं.
कुणी लोखंड वाहून नेतं, कुणी तांबं,
कुणी जुन्या दुखण्यांचे चेहरे लक्षात ठेवतं,
शाळेत असतानाची गोवर,
नंदगडला मामाकडं आलेला ताप.
एका आकड्याखाली इतकी बिऱ्हाडं.
आकडा वाढला म्हणजे, त्या म्हणाल्या,
कुठंतरी जुनी लढाई चालू असेल,
लिव्हरमध्ये, सांध्यात, छातीत,
आणि सगळेच कामाला लागले असतील.
किंवा

इथं त्या कन्नडमध्ये गेल्या.
माझं कन्नड बाजारापुरतं.
आप्पा पुढं झुकले. दोनदा मान हलवली.
एकदा काहीतरी विचारलं, एकाच शब्दाचं उत्तर आलं.
मग माझ्याकडं वळून, त्यांच्या मराठीत:
"एकच पॅटर्न हाय म्हणे कुठंतरी हाडात,
आणि त्याच्यावरनं कास्टिंगवर कास्टिंग काढायलंय कोणतरी.
ऑर्डर नसताना."

अजून काही ठरलेलं नाही, बाई म्हणाल्या, मराठीत.
आणखी एक तपासणी. रक्तात वीज सोडून
प्रथिनं वेगवेगळी करतात, आलेख काढतात.
येळ्ळूरच्या गडासारखा पसरट उंचवटा आला
तर जुनी लढाई. ती शोधता येते.
आणि सरळ वर गेलेलं धुराडं आलं, तर
हाडातलं पाणी तपासायचं, त्यालाही औषधं आहेत.
धुराडं हा शब्द माझा. त्यांनी नुसतं बोट वर नेलं होतं.

रात्री आप्पांनी रिपोर्ट उलटा केला
आणि सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं
आठ पूर्णांक सहातून तीन पूर्णांक सात वजा केले.
सहातून सात जाईना, आठाकडून उसना घेतला.
उत्तर तेच आलं.
मग बेरीज करून पडताळलं.
मशीनचं चुकलेलं नव्हतं.

खिळ्याला त्यांची आकुंचनाची पट्टी टांगलेली आहे,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून जरासा मोठा.
ओतीव लोखंड निवताना आखडतं,
पॅटर्न करतानाच ते धरून चालावं लागतं.
लहानपणी मी तिच्यावर माझी उंची मोजली
आणि शाळेत खोटी ठरले.

दोरीवरचा त्यांचा सदरा काढताना
खांद्यापाशी दोन बोटं कापड जास्त वाटलं.
कापड वाढत नाही.

"गुरुवारी साडेपाच ना?" त्यांनी विचारलं.
आणि चार पूर्णांक नऊच्या खाली,
त्याच पेन्सिलीनं, रेघ न मारता लिहिलं:
चष्मा नेणे.